लाखेखालची रायफल

ओहायोतल्या एका काउंटी फेअरग्राउंडवर शनिवारी गन शो भरला होता. आपल्याकडे जनावरांचा बाजार भरतो तसे लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना टेबले आणि मधून माणसांची रांग. एका टेबलावर ती आडवी ठेवली होती. चार फुटांहून थोडी लांब, सडपातळ, दस्ता काकवीच्या रंगाचा आणि तसाच चकाकणारा. दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते: मोसिन-नागाँ ९१/३०, इझेव्स्क १९४३, ‘ऑल मॅचिंग’.

ऑल मॅचिंग म्हणजे चार जागी एकच क्रमांक. नळीच्या बुडाशी, बोल्टवर, मॅगझिनच्या तळाच्या झाकणावर आणि दस्त्याच्या टोकाला असलेल्या पोलादी पट्टीवर. जुन्या लष्करी बंदुकांच्या बाजारात या दोन शब्दांना वजन आहे. कारखान्यातून ज्या भागांसह बाहेर पडली त्याच भागांसह ती आजही आहे, असा त्यांचा अर्थ घेतला जातो.

माझ्याबरोबर आलेल्या शेजाऱ्याने सारी हयात लेथवर काढली होती. विक्रेत्याला विचारून त्याने बोल्ट ओढून बाहेर काढला, दाराशी नेला आणि उन्हात तिरका धरला. “इथे बघ,” तो म्हणाला. क्रमांक होता, पण त्याच्याभोवतीचा धातू किंचित खोलगट होता. कुणीतरी आधीचा आकडा घासून काढला होता आणि त्या जागी नवा ठोकला होता. नव्या आकड्यातला ७ नळीवरच्या ७ पेक्षा रुंद होता. मॅगझिनच्या झाकणावर जुना क्रमांक तसाच होता, फक्त त्यावर आडवी रेघ मारून शेजारी नवा घातला होता. दस्त्याच्या पट्टीवरचा आकडा तर ठोकलेलाही नव्हता. विजेच्या पेन्सिलीने कोरला होता आणि रेघ थरथरलेली होती.

चारही आकडे जुळत होते, पण ते चार वेगवेगळ्या हातांचे होते.

विक्रेत्याने काही खोटे लिहिले नव्हते. क्रमांक खरोखरच जुळत होते. मात्र ते कारखान्यात जुळले नव्हते, युद्ध संपल्यावर एखाद्या सोव्हिएत डेपोत जुळवले गेले होते. अमेरिकेतल्या संग्राहकांनी यासाठी शब्द रूढ केला आहे, ‘फोर्स मॅच’, म्हणजे जुळवून घेतलेले. हा फरक ओळखता येणे हीच या बाजारातली पहिली अक्कल. पण तेवढ्यावर थांबून ‘म्हणजे ही अस्सल नाही’ असे म्हणणारे बरेच भेटतात. माझे म्हणणे उलटे आहे. ती डागडुजी हाही या बंदुकीच्या आयुष्यातला खराखुरा, तारीखवार कालखंड आहे आणि तो वाचता आला तरच तिची किंमत कळते.

मुळात ही रायफल झारच्या काळातली. १८९१ मध्ये रशियन सैन्याने ती स्वीकारली. सर्गेई मोसिन हा रशियन तोफखान्याचा अधिकारी आणि लेओं नागाँ हा बेल्जियन शस्त्रकार यांच्या स्पर्धेतून ती आकाराला आली. बोल्टची रचना मुख्यतः मोसिनची, मॅगझिनमधल्या काही कल्पना नागाँच्या. दोन नावांचा वाद टाळण्यासाठी झारच्या सरकारने दोन्ही नावे गाळली आणि तिला नुसते ‘१८९१ ची तीन रेषांची रायफल’ म्हटले. रेष हे जुने रशियन माप, इंचाचा दहावा भाग. तीन रेषा म्हणजे ७.६२ मिलिमीटर. रशियात तिला आजही ‘त्र्योखलिनेइका’, म्हणजे तीन रेषांची, म्हणून ओळखतात. क्रांतीनंतर १९३० मध्ये तिच्यात सुधारणा झाली. नळी आखूड झाली आणि नेमाच्या पट्टीवरचे अंतर ‘अर्शिन’ या जुन्या मापाऐवजी मीटरमध्ये आले. तीच ही ९१/३०.

आता ती कशी वाचायची ते पाहू. नळीच्या बुडाशी, रिसिव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी भागाच्या) अगदी पुढे, वर्ष आणि कारखान्याची खूण असते. त्रिकोणात बाण म्हणजे इझेव्स्क, ताऱ्यात बाण म्हणजे तुला. मॉस्कोच्या दक्षिणेचे तुला हे शहर शस्त्रे आणि समोवार या दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. इझेव्स्क उरल पर्वताच्या बाजूला, आघाडीपासून पार दूर. ही भौगोलिक गोष्ट आज डॉलरमध्ये मोजली जाते. १९४१ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस जर्मन सेनापती गुडेरियनचे रणगाडे तुलाच्या वेशीवर येऊन ठेपले. कारखान्याची यंत्रे त्याआधीच रेल्वेने पूर्वेकडे हलवायला सुरुवात झाली होती. त्यामुळे युद्धाच्या मधल्या वर्षांतल्या तुलाच्या रायफली कमी आणि इझेव्स्कच्या अमाप. १९४२ या एका वर्षात देशात सुमारे तीस लाख ९१/३० तयार झाल्या, त्यांतला सिंहाचा वाटा इझेव्स्कचा. म्हणूनच चिठ्ठीवर ‘तुला’ आणि १९४२ या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर थांबून पाहावे.

त्या घाईचा पुरावा धातूवरच सापडतो. १९४२-४३ च्या इझेव्स्क रायफलीवर बोट फिरवा. रिसिव्हरवर कापणीच्या यंत्राचे ओरखडे तसेच राहिलेले असतात, शेतात नांगराच्या तासांच्या रेघा असाव्यात तसे. पॉलिश करायला वेळ नव्हता. १९३८ ची रायफल त्यामानाने गुळगुळीत. त्याही आधीच्या, साधारण १९३६ पर्यंतच्या, रिसिव्हरला सपाट कडा असत. संग्राहक त्याला ‘हेक्स’ म्हणतात. तो करायला जास्त मेहनत पडे, म्हणून पुढे गोल रिसिव्हर आला. हेक्स रिसिव्हर, त्यातही तुलाचा, म्हणजे किंमत चढतीच. तो ओळखायला काही शिकावे लागत नाही, अंगठा पुरतो.

युद्ध संपले तेव्हा सोव्हिएत सैन्याकडे लाखो रायफली होत्या. चिखलातून आलेल्या, मेलेल्या सैनिकांच्या हातातून आलेल्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या ढिगांतून आलेल्या. सैन्याला आता नव्या कार्बाइन आणि पुढे कलाश्निकोव्ह मिळणार होत्या, पण पुढचे युद्ध कधी येईल याचा नेम नव्हता. म्हणून या सगळ्या रायफली डेपोत नेऊन उघडल्या गेल्या. बोल्ट एकीकडे, नळ्या एकीकडे, लाकूड एकीकडे. जे झिजले ते फेकले, जे चालण्याजोगे ते पुन्हा जोडले. नळी आणि बोल्ट यांच्यातले अंतर गेजने तपासले, क्रमांक एकसारखे केले, धातूला नवा काळा रंग दिला. तडा गेलेल्या दस्त्यात सुताराने लाकडाचे तुकडे इतके बेमालूम बसवले आहेत की सांधा डोळ्याला दिसत नाही, नखाला लागतो. काम पूर्ण झाल्याची खूण म्हणून डेपोने आपला शिक्का मारला. सर्वांत नेहमीचा म्हणजे चौकोन आणि त्यातून जाणारी तिरकी रेघ. कुठे शंकरपाळ्याच्या आकारात आकडा. ही खूण दिसली की शंका संपली, रायफल डागडुजी झालेली आहे.

मग त्यावर लाख चढली.

दस्त्याचा तो काकवीचा रंग लाखेचा आहे. आपल्याकडे पळस, बोर आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा थर धरतात, तोच पदार्थ. सुताराकडचे जुने फ्रेंच पॉलिश त्याचेच. डेपोतल्या कामगारांनी तो इतका सढळ हाताने लावला की जुने शिक्के, खाचा, कोणा सैनिकाने कोरलेली आद्याक्षरे सगळी त्याखाली गेली. लाकूड बहुधा बर्चचे, म्हणजे आपल्या भूर्जवृक्षाच्या कुळातले. त्यावर ही लाख टणक आणि ठिसूळ होऊन बसते. खूप तापली की ती मऊ पडते, टेकवलेल्या ठिकाणी टवके उडतात.

धातूवर दुसरा थर असतो, कॉस्मोलीन या संरक्षक ग्रीसचा. थंडीत गोठलेल्या डालड्याची आठवण करून देणारा, पण पिवळट-तपकिरी आणि पेट्रोलियमच्या वासाचा. डेपोतून आलेल्या पेटीतून काढलेली रायफल हातात घेतली की हात धुवून निघत नाहीत. चेंबरमधले कॉस्मोलीन नीट काढले नाही तर चार-पाच गोळ्यांनंतर ते तापून चिकटते आणि बोल्ट उघडेनासा होतो. ‘मोसिनचा बोल्ट अडतो’ अशी तक्रार करणाऱ्यांची निम्मी अडचण या ग्रीसची असते, बंदुकीची नाही.

त्या पेट्यांतून जे साहित्य निघे ते मला रायफलीइतकेच बोलके वाटते. कॅनव्हासचा पट्टा, दोन कप्प्यांची काडतुसांची पिशवी, पेचकस आणि दोन तोंडांची एक चपटी पत्र्याची बाटली. एका तोंडाजवळ रशियन ‘श्च’ आणि दुसऱ्याजवळ ‘न’ हे अक्षर. पहिले ‘श्चेलोच’चे, म्हणजे अल्कलीचे, आणि दुसरे ‘नेफ्त’चे, म्हणजे खनिज तेलाचे. दोन वेगळे द्रव का? जुन्या सोव्हिएत काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी झाडली की नळीत त्याचा क्षार साचतो, हवेतली ओल ओढतो आणि रात्रीतून गंज चढवतो. तो क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून आधी अल्कलीच्या पाण्याने धुवायचे आणि मग तेल लावायचे. सैनिकाला हे रसायनशास्त्र कुणी समजावले असेल-नसेल, बाटलीच्या दोन तोंडांनी क्रम शिकवला. अमेरिकेत याच काडतुसांचे ४४० नगांचे सीलबंद डबे येत. ज्यांनी ती वापरून नळी नुसती तेलाने पुसली, त्यांच्या नळ्या आतून खरवडलेल्या कढईसारख्या दिसतात. विकत घेताना नळीत उजेड पाडून पाहा. आतले पीळ धारदार दिसायला हवेत. टोकाकडे आतले भोक मोठे केलेले दिसले तर तीही डेपोचीच करामत. झिजलेले तोंड आत खरवडून नेम सुधारायची ती सोव्हिएत पद्धत आहे. दोष नव्हे, पण किंमत थोडी उतरते.

अमेरिकेत या रायफली आल्या कशा? १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने परदेशी लष्करी बंदुकांच्या आयातीवर जवळजवळ बंदी आणली. १९८४ मध्ये कायदा बदलला आणि ‘क्युरिओ अँड रेलिक’, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे जुन्या किंवा संग्रहमूल्य असलेल्या बंदुकांना वाट मोकळी झाली. सोव्हिएत संघ फुटल्यावर त्याच्या प्रजासत्ताकांच्या गोदामांतून पेट्याच्या पेट्या निघाल्या. आयातदाराला आपले नाव, गाव आणि काडतुसाचे माप धातूवर कोरावेच लागते, म्हणून बहुतेक सोव्हिएत रायफलींच्या नळीवर व्हरमाँट किंवा वॉशिंग्टन राज्यातल्या कोणत्या तरी गावाचे नाव दिसते. २००२ च्या जानेवारीअखेर या कोरीवकामाची खोली आणि क्रमांकाच्या अक्षरांची उंचीही नियमाने ठरली. त्यामुळे बारीक, पुसट शिक्का बहुधा त्याआधीचा आणि ठसठशीत शिक्का नंतरचा, असा अंदाज बांधता येतो.

आयातीचा शिक्काच नसेल तर रायफल १९६८ पूर्वी आलेली असावी, किंवा व्हिएतनामहून एखाद्या सैनिकाने घरी आणलेली. अशी ‘ब्रिंग-बॅक’ रायफल आणि सोबत सैन्याने दिलेला कॅप्चर पेपर असेल तर किंमत कित्येक पटींनी वाढते. कागद नसेल आणि नुसती ‘आजोबांनी आणली’ अशी गोष्ट असेल, तर गोष्टीचे पैसे देऊ नका. आणि शिक्का मुद्दाम घासून काढलेला दिसला तर मागे फिरा. क्रमांक खरवडलेली बंदूक जवळ बाळगणे हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे.

दर अगदी साध्या भाषेत सांगतो. २००० च्या दशकात क्रीडासाहित्याच्या दुकानांत डागडुजी केलेली ९१/३० शंभर डॉलरच्या आत मिळायची, संगीन आणि तेलाच्या बाटलीसकट. विद्यार्थी, ट्रकचालक, शेतकरी, सगळ्यांनी घेतल्या. कित्येकांनी दस्ता कापून तिची शिकारीची बंदूक केली, लाख खरवडून चकचकीत वार्निश चढवले. तेव्हा त्यात काही वाईट वाटत नव्हते, कारण पेट्या संपणार नाहीत असेच वाटे. मग साठे आटले. २०१४ मध्ये कलाश्निकोव्ह कंपनीवर निर्बंध आले आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, रशियन विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरील विषप्रयोग प्रकरणी, रशियन बंदुका आणि काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने थांबले. आता साधी इझेव्स्क, डागडुजी झालेली, चांगल्या नळीची रायफल चारशे डॉलरच्या आसपास किंवा वर जाते. आणि ज्या कापल्या, त्या कापलेल्याच राहिल्या.

यात किंमत ठरते ती काय शाबूत आहे त्यावरून. डागडुजीत लाख, रंग आणि क्रमांक बदलले, पण वर्ष, कारखान्याची खूण आणि रिसिव्हरचा आकार तसाच राहिला. त्यासाठी पैसे द्यावेत. लाख शाबूत असेल तर तिलाही हात लावू नये. डेपोच्या कामगाराने चढवलेली ती लाख आता सत्तर वर्षांच्या घरातली आहे. पॉलिश पेपर घेऊन ती काढणारा माणूस रायफलीच्या आयुष्यातला एक पूर्ण टप्पा पुसतो, हे मला मनापासून खटकते.

स्नायपर रायफलीबाबत मात्र दुप्पट सावध राहावे. युद्धात काही ९१/३० वर दुर्बीण बसवली होती. नंतर दुर्बिणी काढून भोके बुजवली आणि त्यांना पुन्हा साधी रायफल केली. रिसिव्हरच्या डाव्या बाजूला बुजवलेल्या भोकांच्या गोल खुणा दिसतात, नळीच्या बुडाशी डाव्या बाजूला जुन्या दुर्बिणीचा क्रमांक असतो आणि बहुधा त्यावर रेघ मारलेली असते. अशी ‘एक्स-स्नायपर’ साध्या रायफलीपेक्षा बरीच महाग. म्हणूनच साध्या रायफलीला नवी भोके पाडून, नवी दुर्बीण बसवून ती स्नायपर म्हणून विकणारेही आहेत. दुर्बिणीचा क्रमांक नळीवर नसेल तर ती स्नायपर मानू नये.

दर पडताळताना आणखी एक: ऑनलाइन लिलावांत मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत मोठी दरी असते, म्हणून विकल्या गेलेल्या नोंदी पाहाव्यात.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी माणसांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती गंभीर आहे. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक जवळ बाळगणे साधारणपणे वर्ज्य आहे. वैध शिकारीचा परवाना असणे हा ठरलेल्या अपवादांपैकी एक. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही, राज्याचे कायदे मात्र वेगळे पाहावे लागतात. एखाद्या मित्राच्या घरी हौसेने हातात धरून काढलेला फोटोही विचार करूनच काढावा. परवानाधारक दुकानातून घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमी तपासली जाते. जुन्या बंदुका जमवणाऱ्यासाठी तीन वर्षांचा संग्राहक परवाना मिळतो.

कायद्याची एक गंमतशीर बाजूही आहे. १८९८ पर्यंत तयार झालेला रिसिव्हर फेडरल कायद्यात बंदूक मानला जात नाही, तो ‘अँटिक’. नळीवर १९४४ असले तरी हरकत नाही, कायदा रिसिव्हरचे वर्ष पाहतो. ते वर्ष असते रिसिव्हरच्या शेपटीखाली, दस्त्याच्या आत लपलेले. दोन पेच सैल करून लाकूड उचलल्याशिवाय ते दिसत नाही. फिन्निश सैन्याने पकडून आपल्या पद्धतीने पुन्हा बांधलेल्या रायफलींत असे जुने रिसिव्हर बरेच सापडतात. त्यांवर चौकटीत ‘एसए’ अशी फिन्निश सैन्याची खूण असते आणि संग्राहक ती शोधत फिरतात.

पण माझ्या मनात सर्वांत जास्त रेंगाळणारी रायफल वेगळीच आहे. पहिल्या महायुद्धात रशियाला स्वतःच्या कारखान्यांतून पुरेशा रायफली मिळेनात, तेव्हा झारच्या सरकारने अमेरिकेत ऑर्डर दिली. मॅसॅच्युसेट्समध्ये न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउस आणि कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टमध्ये रेमिंग्टन. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावात ई. रेमिंग्टन अँड सन्सने १८७० च्या दशकात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली होती आणि पुढे तो व्यवसाय वेगळा झाला. ज्यांनी मराठी टायपिंगची परीक्षा दिली आहे, त्यांना रेमिंग्टन हे नाव कळफलकामुळे पाठ असेल. त्याच नावाच्या कारखान्यात १९१६-१७ मध्ये रशियासाठी लाखो रायफली तयार झाल्या. क्रांती झाली, व्यवहार मोडला, उरलेल्या बऱ्याच अमेरिकी सरकारने घेतल्या. त्यांतल्या काही घेऊन मिशिगनमधले तरुण १९१८ मध्ये थेट अर्खांगेल्स्कला, रशियाच्या उत्तरेच्या बर्फात, लढायला गेले.

पण ज्या आधीच रशियाला रवाना झाल्या होत्या, त्यांनी यादवी युद्ध पाहिले, कित्येकांनी फिनलंडचे युद्ध. शेवटी काही रायफली सरप्लस म्हणून, आयातदाराचा शिक्का घेऊन, पुन्हा अमेरिकेत आल्या. अशी एक मी ओहायोतल्याच दुसऱ्या एका टेबलावर पाहिली. नळीवर वरच्या बाजूला इंग्रजीत ‘रेमिंग्टन आर्मरी’, खाली १९१७. काळा रंग बऱ्याच ठिकाणी उडालेला. आणि नळीच्या पुढच्या टोकाला, नव्या, तीक्ष्ण अक्षरांत, एका अमेरिकी आयातदाराचे नाव आणि त्याच्या गावाचे नाव.

शेजाऱ्याने ती उलटी केली, बोटाने दोन्ही ओळी चाचपल्या आणि विक्रेत्याला विचारले, लाकूड काढून आतले वर्ष पाहू का म्हणून. विक्रेत्याने खिशातून पेचकस काढून त्याच्या हातात दिला.